पापुद्र्यांमधली जागा



मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृग बरसला की त्याच भेगा मिटतात. ही करामत मुख्यतः माँटमोरिलोनाइट या खनिजाची. आपल्या बेसाल्टच्या झिजेतून ते घडतं, आणि कच्छच्या बेंटोनाइटमध्येही तेच असतं. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम 0.96 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर थोडा ऋण भार असतो आणि मध्ये बसलेले सोडियम, कॅल्शियमचे आयन त्याची भरपाई करतात. पाणी शिरलं की पापुद्रे दूर सरतात. भट्टीत तापवले की ओल्या पापडांच्या चवडीसारखे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि आतली जागा संपते.

ही जागा कायमची राखायची, तर मध्ये खांब हवेत. 1955 साली बॅरर आणि मॅक्लिऑड यांनी सेंद्रिय अमोनियम आयन आत बसवून ती उघडी ठेवली, पण असे खांब उष्णतेत टिकत नाहीत. 1973 च्या तेलसंकटानंतर जड तेलातले मोठे रेणू फोडायची निकड वाढली. तेलशुद्धीकरणात वापरला जाणारा वाय झिओलाइट हा सच्छिद्र उत्प्रेरक कामाला पक्का, पण त्याचं दार 0.74 नॅनोमीटरचं, मोठा रेणू बाहेरच अडतो. त्या दशकाच्या उत्तरार्धात धातूंच्या ऑक्साइडचे खांब आले.

ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा बेताबेतानं घालून ते मुरवलं, की तेरा ॲल्युमिनियम अणूंचा एक भरीव आयन तयार होतो. त्याच्यावर सात धन भार असतात. तो मातीत शिरतो, सोडियमला हुसकावतो, आणि नंतर चार-पाचशे अंश सेल्सिअसला भाजलं की त्याचा ऑक्साइडचा खांब होतो. पापुद्र्यांमध्ये सुमारे 0.8 ते 0.9 नॅनोमीटर उंचीची फट राहते.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती भारांच्या हिशेबाची. पापुद्र्यावरचा ऋण भार मोजका आणि प्रत्येक खांब सात भार भागवणारा, त्यामुळे थोडेच खांब पुरतात आणि ते एकमेकांपासून अंतर राखून उभे राहतात. जास्त भाराची माती घेतली तर खांबांची दाटी होते. फटीची उंची तेवढीच, पण आत वावरायला वाव नाही. भाजताना आणखी एक गोष्ट घडते. आयनाचा ऑक्साइड होताना त्यातून प्रोटॉन सुटतात आणि पापुद्र्यांचा भार आता ते सांभाळतात. पोकळीच्या भिंतींना रेणू फोडणारी आम्लता येते ती एक तर या प्रोटॉनांमुळे, आणि दुसरी खांबांवरच्या उघड्या ॲल्युमिनियममुळे. फार तापवलं तर प्रोटॉन पापुद्र्याच्या आत दडी मारतात. मग पोकळी शाबूत, पण तिचं काम मंदावलेलं.

म्हणूनच पृष्ठफळाच्या आकड्यावर भाळू नका, असं मी म्हणतो. कच्च्या मातीचं पृष्ठफळ ग्रॅमला काही दशक चौरस मीटर, खांब घातल्यावर ते 200 ते 400 पर्यंत जातं, हे खरंच. पण हे मोजतात कसं? ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांच्या 1938 च्या पद्धतीनं, नायट्रोजनचे रेणू पृष्ठावर बसवून. ही पद्धत थरावर थर मोकळेपणानं चढतात असं गृहीत धरते. आपल्या फटीत नायट्रोजनचे जेमतेम दोन थर मावतात. तिथे मोजलं जातं ते खरं तर भरलेलं आकारमान. चौरस मीटर हा सोयीचा अनुवाद. शिवाय वाळवण्याचाही फरक पडतो. हवेत वाळवलं तर पापुद्रे नीट एकावर एक बसतात. गोठवून वाळवलं तर काही कडांवर तिरपे अडकतात आणि खांबांशी संबंध नसलेली मोठी छिद्रं तयार होतात. आकडा दोन्हींचा सारखा भासला, तरी माल वेगळा.

तेलशुद्धीकरणात मात्र या मातीची डाळ शिजली नाही. तिथे उत्प्रेरकावर साचलेला कोळसा जाळून तो पुन्हा वापरतात. तापमान सातशे अंशांच्या आसपास, सोबत वाफ. त्या वाफेत खांब ढासळतात आणि फटी मिटतात. झिओलाइट तिथे ठाण मांडून राहिले.

मग कमी तापमानाची कामं शोधली गेली. ॲल्युमिनियमऐवजी झिर्कोनियम, टायटॅनियम, क्रोमियम, लोह असे खांब घालून पाहिले. लोहाच्या खांबांवर हायड्रोजन पेरॉक्साइड फुटतं आणि सांडपाण्यातले रंग नष्ट होतात. पण हे काम आम्लधर्मी पाण्यात चांगलं चालतं, आणि त्याच पाण्यात लोहही थोडंथोडं विरघळतं. म्हणून पाण्याचा रंग किती उतरला हे मोजताना त्यात लोह किती उतरलं, हेही मोजावं लागतं.