काचेवरील धूळ
(हीरक महोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी जवळ आली की घरोघरी जळमटे निघतात, माळे झाडले जातात. परंतु गच्चीवरील सौर पॅनेलकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ऊन फुकटचे, यंत्रात फिरणारे काही नाही, मग देखभाल कसली, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती किती महागात पडते, हे गुजरातेतच दिसून आले आहे.

गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील पॅनेल काही आठवड्यांच्या अंतराने पुसली जात. ड्यूक विद्यापीठ आणि या संस्थेतील संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्येक सफाईनंतर कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेवरील थरात ९२ टक्के माती होती. उरलेला अंश मुख्यतः मानवी व्यवहारांतून आलेल्या काजळीचा व क्षारांचा होता. हा अंश अल्प, पण त्याचे कण सूक्ष्म आणि चिकट. म्हणून ते प्रकाश अधिक अडवतात आणि सहजी निघत नाहीत.

पावसाळ्यात ही धूळ बरीचशी धुऊन जाते. मात्र पुढचे कोरडे महिने, म्हणजे नेमके उन्हाचे दिवस, धुळीत जातात. पहाटेच्या दवाने ती काचेला घट्ट धरते. पॅनेलला पुरेसा उतार नसेल, तर खालच्या कडेला गाळ साचतो. पॅनेलमधील सौरघट एकापुढे एक जोडलेले असल्याने, पक्ष्यांच्या विष्ठेने एक घट झाकला गेला तरी त्या ओळीतील प्रवाह मंदावतो व झाकलेला घट तापून खराब होऊ शकतो.

उपाय सोपा वाटतो, पण पाणी कुठून आणावे? राजस्थानातील भादला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान वाळवंटात उभे आहे. तेथे पाण्याविना चालणारी, मऊ ब्रशांची स्वयंचलित यंत्रे वापरात आली आहेत. स्थिर विद्युतभाराने धूळकण काचेपासून दूर लोटण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडली.

घरी मात्र बादलीभर पाणी आणि मऊ फडके पुरते. सफाई सकाळी लवकर करावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास तडे जाण्याचा धोका असतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून काच लगेच कोरडी करावी. खरखरीत घासणी वा भांड्यांची पावडर वापरू नये, पॅनेलवर पाय देऊ नये, आणि उतरत्या छपरावरचे काम जाणकारावरच सोपवावे. निरभ्र दिवसांचे युनिट वहीत टिपून ठेवल्यास सफाईची वेळ त्यावरूनच कळते. ही वही घरातील विद्यार्थ्याकडे द्यावी.

पॅनेल बसवण्याचा समारंभ एकदाच होतो. ती राखण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. साठ वर्षे उभ्या राहिलेल्या शाळेच्या परिवाराला हे निराळे सांगायला नको.