उंबरठ्यावरचा कायदा



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले. सबळ कारणावाचून कोणाच्याही देहाची, घराची वा कागदपत्रांची झडती होऊ नये, हा हक्क त्यात होता. अमेरिकेच्या घटनेतील १७९१ च्या चौथ्या दुरुस्तीशी त्याचे नाते उघड आहे. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशीच उपसूचना मांडली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. परंतु उद्याचे विधिमंडळ ती रद्द करू शकेल, म्हणून ती त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी, असे सांगून बाबासाहेबांनी ती स्वीकारली. सभागृहाने ती फेटाळली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, असे कलम आपल्या घटनेत नाही, याकडेच बोट दाखविले. खाजगीपणाचा मूलभूत हक्क निःसंदिग्धपणे मान्य होण्यास २०१७ साल उजाडले. आपल्या वस्त्यांत पोलीस कसे शिरत, हे येथील वडीलधाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

मग ज्या देशात हे कलम दोन शतके आहे, तेथे काय घडते?

१३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर केंटकीतील लुईव्हिल शहरात पोलिसांनी ब्रिओना टेलर हिच्या घराचे दार फोडले. वय अवघे २६. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ती तंत्रज्ञ होती, म्हणजे आम्हा वैद्यकीय मंडळींचीच सहकारी. वॉरंटमध्ये दार न ठोठावता शिरण्याची मुभा होती. आपण ठोठावले, असे पोलीस म्हणतात. अनेक शेजाऱ्यांनी 'पोलीस' हा पुकारा ऐकला नाही. घरफोडे आले असे समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली. उत्तरादाखल बत्तीस गोळ्या आल्या व ती मरण पावली. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. वॉरंटसाठी खोटी माहिती देण्याच्या कटात सहभागी असल्याची कबुली एका पोलीस अधिकारी महिलेने २०२२ मध्ये न्यायालयात दिली.

प्रवेशापूर्वी ठोठावून ओळख देणे हा चौथ्या दुरुस्तीचाच भाग, असे येथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले होते. परंतु २००६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरविले की, हा नियम मोडला तरी हाती लागलेला पुरावा बाद होणार नाही. नियम उरला, त्याचा धाक गेला. म्हणून बारीकसारीक तपशिलाचा कायदा लागतो.

११ जून २०२० रोजी लुईव्हिलच्या कौन्सिलने 'ब्रिओनाचा कायदा' एकमताने संमत केला. न ठोठावता शिरण्याची वॉरंटे बंद झाली. झडतीच्या पाच मिनिटे आधीपासून पाच मिनिटे नंतरपर्यंत अंगावरील कॅमेरे चालू ठेवणे बंधनकारक झाले. केंटकी राज्याने २०२१ मध्ये मात्र संपूर्ण बंदी न घालता अशी वॉरंटे हिंसक गुन्ह्यांपुरती मर्यादित केली, हे आम्हांस अपुरे वाटते. तरीही त्यातील एक अट आम्हांस विशेष मोलाची वाटली: अशा झडतीच्या वेळी प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस जवळपास हजर असावा. ब्रिओनाला ती मदत वेळेवर मिळाली नव्हती.

व्हर्जिनियाने २०२० मध्येच अशी वॉरंटे बंद केली. सर्व राज्यांत तसे नाही. नियम गावोगाव बदलतात. आपण येथे निरनिराळ्या राज्यांतून जमलो आहोत. पुढील बैठकीस येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या शहराचा नियम लिहून आणावा, अशी आमची विनंती आहे.