काढा, केमोथेरपी आणि रुग्णाचे मौन



कर्करोगाच्या रुग्णाची केमोथेरपी सुरू झाली की पुष्कळदा घरात आणखी एक उपचार मुकाट्याने सुरू होतो. मळमळ थांबावी म्हणून आल्याचा रस, शक्ती यावी म्हणून गुळवेलीचा काढा, कोणी परिचिताने सांगितलेले एखादे चूर्ण. डॉक्टर रागावतील या भीतीने त्यांना हे सांगितले जात नाही. या मौनाला अडाणीपणा म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याची कारणे शोधणे अधिक गरजेचे आहे.

वनस्पती आणि आधुनिक औषध यांच्यात मुळात वैर नाही. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. परंतु ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात उपद्रवाचे सामर्थ्यही असते. युरोपात खिन्नतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा नेदरलँड्समध्ये एक छोटा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. या वनस्पतीमुळे इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधाच्या क्रियाशील अंशाचे रक्तातील प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. त्याबरोबर रक्तपेशींवरील दुष्परिणामही कमी झाला. खरी फसगत येथेच आहे. रुग्णाला वाटावे की काढा मानवला. वस्तुतः त्रास कमी झाला तो औषधच दुबळे झाल्यामुळे.

उलट, अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या ओकारीरोधक औषधांच्या जोडीला सुंठेचा अर्क दिला असता पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. अर्धा ते एक ग्रॅम एवढ्या मात्रेचा गुण अधिक दिसला. म्हणजे परंपरेचा सरसकट स्वीकार नको आणि सरसकट धिक्कारही नको. प्रत्येक वनस्पतीची, प्रत्येक मात्रेची परीक्षा हवी.

ही परीक्षा करावयाची कोणी? आल्यावर कोणाची मक्तेदारी नाही. म्हणून त्याच्या चाचणीवर कोट्यवधी खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला नफा नाही. चूर्ण विकणाऱ्याला तर परीक्षेवाचूनच गिऱ्हाईक मिळते. बाजार जे करणार नाही, ते सार्वजनिक पैशाने व्हावयास हवे. जखमेवर हळद वापरण्याबाबत अमेरिकेत दिलेले पेटंट आपल्या सरकारी संशोधन परिषदेने झगडून १९९७ साली रद्द करविले. परंपरेच्या मालकीसाठी दाखविलेली ती जिद्द परंपरेच्या परीक्षेसाठीही दिसली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्याने काय करावे? रुग्णाला उपदेश करू नये. तो काय काय घेतो याची यादी त्याच्या शेजारी बसून करावी, पुड्या व बाटल्यांसह ती डॉक्टरांपुढे ठेवावयास लावावी आणि त्यांच्या संमतीवाचून काही घेऊ नये, एवढे पटवून द्यावे. मळमळ असह्य होत असेल तर तेही स्पष्ट सांगावयास लावावे. ऑन्डान्सेट्रॉनसारखी प्रभावी औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत आणि ती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ‘घरचे काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयात न रागावता विचारला जावा, हा आग्रहही आपण धरावयास हवा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना या प्रश्नाइतकीही उसंत नसेल, तर रुग्णाच्या मौनाचा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारता येणार नाही.