कपात नव्हे, राखीव वेतन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पगाराच्या पावतीवर ‘कपात’ हा शब्द दिसला की कामगार म्हणतो, एवढे पैसे गेले. ही समजूत मालकाच्या सोयीची आहे; कारण गेलेल्या पैशाचा हिशेब कोणी मागत नाही. वस्तुतः ते म्हातारपणासाठी व आजारपणासाठी राखलेले वेतनच होय.

मूळ पगार व महागाईभत्ता मिळून 15,000 रुपये धरा. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, भविष्यनिर्वाह निधीसाठी कापले जातात. मालकानेही तितकेच भरावयाचे असतात. त्यांपैकी 1,250 रुपये 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत आणि 550 रुपये कामगाराच्या निधिखात्यात जातात. म्हणजे खात्यात दरमहा 2,350 रुपये जमा दिसले पाहिजेत. राज्य विम्यासाठी जुलै 2019 पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का व मालकाचा सव्वातीन टक्के आहे.

मालकाचा वाटा हा उपकार समजू नये. मजुरीचा खर्च मांडतानाच तो हिशेबात धरलेला असतो. तेही श्रमाचेच मोल आहे.

खरा धोका आहे तो पैसे कापून भरणा न करण्यात. कंत्राटी कामगार याला विशेष बळी पडतात. कायद्याने हा फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो. कंत्राटदाराने भरणा चुकवला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. परंतु पावती आणि पासबुक शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज ही चोरी उघडकीस येणार कशी?

प्रत्येक शाखेने महिन्यातील एक संध्याकाळ या कामाला द्यावी. स्वतःच्या मजुरीचा हिशेब मागण्यात संकोच कसला?