नकाशावरचे अंतर



चिखलीहून लोणार किती दूर, असे आम्ही विचारले तर एस.टी.ने जाणारा एक आकडा सांगेल आणि नकाशावर पट्टी ठेवणारा दुसरा. दोघेही खरे. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशात एका सेंटिमीटरात १० किलोमीटर मावतात. तेथे ही दोन गावे सुमारे ५ सेंटिमीटरांवर दिसतात. म्हणजे अंतर पन्नासाच्या आसपास. परंतु आपल्याला पंख नाहीत. रस्ता मेहकरवरून जातो. तेव्हा दोरा घ्यावा, रस्त्याच्या वळणांवर बसवावा आणि मग कोपऱ्यातील प्रमाणपट्टीवर ताणून धरावा. आकडा साठाच्या पुढे जातो. बारीक वळणे नकाशाकारानेच गाळलेली असतात, म्हणून दोराही थोडे कमीच सांगतो.

प्रमाणपट्टीच का? आम्ही एकदा लहान केलेल्या छायाप्रतीवर छापील आकड्यांनी हिशेब केला आणि सहलीच्या मुलांना अंदाजापेक्षा दीड तास जास्त चालविले. कागदाबरोबर पट्टीही आकसली होती; आकडे मात्र जसेच्या तसे राहिले होते.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. दहा लाखांच्या नकाशावर तो दोन मिलिमीटरांचाही ठिपका नाही. पन्नास हजारांस एक या नकाशावर तेच साडेतीन सेंटिमीटर भरते.

खरा घोटाळा शेतात होतो. तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे, आणि साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते. आता समजा, पाच हजारांस एक असा नकाशा आहे आणि त्यावरील पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. जमिनीवर ती अडीच मीटर झाली. बांध शंभर मीटर लांब असेल तर त्या रेघेखाली जवळजवळ अडीच गुंठे दडले! एवढ्यासाठी सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, आणि दोघांच्याही हातात तोच नकाशा असतो. मोजणीदार रेघेवर विसंबत नाही. तो हद्दीचे दगड शोधतो, हे उगीच नव्हे.

कर्नल लॅम्टन १८०२ साली मद्रासेहून मोजीत निघाले, ते १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारले. एकवीस वर्षे, आणि काम अपुरेच!

असो. मागे जिल्ह्याचा नकाशा टांगला आहे, दोराही आणला आहे. ज्यांना आपल्या गावाचे अंतर काढावयाचे असेल त्यांनी पुढे यावे.