शिक्षणाचे पैसे आणि त्यांच्या तारखा

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी नवापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमंत्रण घेऊन आलेल्या भगिनींनी मला विचारले, "तुम्ही कॉलेजात शिकवता का?" मी शिकवत नाही. पदवी हाती आल्यावर पुढे एम. ए., एम. एस्सी. किंवा पीएच. डी. करणारी मुलेमुली पैशाच्या अडचणीत आली, की माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. त्यांना कोणती शिष्यवृत्ती मिळेल, कर्ज घ्यावे की नाही, घेतले तर किती, आणि मंजूर झालेले पैसे हाती येईपर्यंत दिवस कसे काढावेत, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवायचे, एवढेच माझे काम. मोठ्या गावात त्याला समुपदेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला हिशोबाला बसणे म्हणतील, आणि ते जास्त खरे आहे.

शाळेच्या खर्चाचे आपल्याला कळते, कारण तो आपण सगळ्यांनीच केला आहे. पदवीनंतरची गोष्ट निराळी. मुलगी एकवीस वर्षांची झालेली असते. तारापूरचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून का होईना, नोकरी लागू शकते. अशा वेळी ती आणखी दोन वर्षे शिकते म्हणाली, तर घराला फी तर भरावी लागतेच, शिवाय येऊ शकणारा पगारही सोडावा लागतो. पुष्कळदा फीपेक्षा हा न येणारा पगारच मोठा असतो. मुंबईत राहण्याजेवण्याचे वेगळेच. म्हणून "फी माफ झाली, आता काय अडचण?" असे जे विचारतात, त्यांनी पुरता हिशोब मांडलेला नसतो असे मी समजते.

या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर माझी एक खात्री झाली आहे. पैसा अगदी नसतोच असे फार थोड्यांच्या बाबतीत घडते. पैशाची तारीख आणि गरजेची तारीख जुळत नाही, हे मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत घडते.

हे आजचेच नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. न्यूयॉर्कहून ते पुढे लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली तिथला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. एवढ्या बुद्धीच्या माणसाचा अभ्यास कशाने थांबला, तर मुदतीने! मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. शिष्यवृत्ती, बचत, देणगी आणि कर्ज, अशी चार ठिगळे लावून ते शिक्षण पुरे झाले आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा कागद मी असाच चार रकान्यांत मांडते.

आज सोयी पुष्कळ आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम' योजनेतून मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याची चौकशी होते. पीएच. डी. करणाऱ्या आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राच्या वर्षाला ७५० अधिछात्रवृत्ती आहेत. नेट परीक्षेतून जे. आर. एफ. मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे.

पण फी भरायची वेळ येते जून-जुलैत. तेव्हा आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर हातात पैसा खेळू लागतो, तोवर प्रवेशाची शेवटची तारीख गेलेली असते. कारखान्यांचे सांडपाणी याच समुद्रात येऊ लागल्यापासून जाळ्यात काय सापडते हे तुम्हाला मी काय सांगू! शिष्यवृत्तीचे म्हणाल, तर ती वर्ष सरता सरता येते, कधी त्याहूनही उशिरा.

दोन विद्यार्थिनींची हकीकत सांगते. नावे गावे सांगत नाही. दोघींनाही शिष्यवृत्ती मंजूर होती. पहिलीचे पैसे सहा-सात महिने अडकले होते. आधार क्रमांक जोडला होता एका बँकखात्याला, आणि ती वाट बघत होती दुसऱ्याच खात्यावर. घरी फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणायची आणि एक वेळ जेवायची. ती माझ्याकडे आली, आम्ही खाते शोधून काढले, विद्यार्थी निधीतून तिला उसने दिले आणि पैसे आल्यावर तिने ते फेडले. दुसरी माझ्याकडे आलीच नाही. तिने नाव काढून घेतले आणि कारखान्यात लागली. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या खात्यावर वर्षाची रक्कम जमा झाली. पुन्हा ये म्हणून मी निरोप धाडला, पण तोपर्यंत घर तिच्या पगारावर चालू लागले होते.

म्हणून आयांनो, "सगळे ठीक आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. "या महिन्याचे पैसे आले का?" असे स्पष्ट विचारा.

आता कर्जाविषयी. कर्ज म्हटले की आपला हात आधी गळ्याकडे जातो. मोडायचे नाही तर गहाण टाकायचे, पण बँकेची पायरी चढायची नाही. तेव्हा साधा हिशोब करू. समजा, चार लाख रुपये हवेत. दागिने ठेवून दरमहा दोन टक्क्यांनी काढले, तर वर्षाचे व्याज ९६,००० रुपये, आणि ते पहिल्या महिन्यापासून भरायचे. तेच शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी मिळाले, तर वर्षाला ४०,०००. शिवाय अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र तेव्हाही चढत असते, हे बँकेतले साहेब घाईत सांगायचे विसरतात. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे धरले, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचे एक वर्ष मिळून १,२०,००० रुपये व्याज होईल. जमेल त्या घराने हे व्याज महिन्याच्या महिन्याला भरत जावे. मग मुलीच्या डोक्यावर चारचे सव्वापाच होत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. परंतु संस्था यादीत आहे की नाही ते प्रवेशाआधी पाहावे. कुठल्याशा खाजगी कॉलेजाच्या दलालाने "कर्जाचे आम्ही बघतो" म्हटले, तर तिथून उठून यावे.

कर्ज मुलीच्या नावाने काढायचे म्हटले, की "लग्न झाल्यावर फेडणार कोण?" हा प्रश्न येतोच. मुलाच्या बाबतीत तो कुणी विचारत नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ साली मानववंशशास्त्र शिकायला जर्मनीला गेल्या, तेव्हा त्यांचे लग्न झालेले होते. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे त्यांचे सासरे. पण सुनेने परदेशी जाणे त्यांनाही पसंत नव्हते! पती दिनकररावांनी पाठिंबा दिला आणि जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले. हे मेहता पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इरावतीबाई १९३० साली डॉक्टरेट घेऊन परत आल्या. लग्न झालेल्या बाईला शिक्षणासाठी कर्ज देणारा माणूस तेव्हाही निघाला.

आणि घरात कर्जाचा कागद येईल तेव्हा सहकर्जदार म्हणून कदाचित तुमचीच सही लागेल. वाचून घेतल्याशिवाय करू नका. मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा.

शेवटी कागदांचे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मासळी विकणाऱ्या बाईजवळ पगाराची चिठ्ठी नसते. तिने तलाठ्याकडून चौकशी-अहवाल आधीच करून घ्यावा, जूनची वाट पाहू नये. जातवैधतेला फार वेळ लागतो, तेव्हा मुलगी बारावीत असतानाच अर्ज करावा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेच्या पुस्तकावर नाव अक्षरशः एकच असावे.

अध्यक्षबाईंनी सभेनंतर मंडळाची खोली मला तासभर दिली आहे. ज्यांच्या घरी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला कुणी आहे, त्यांनी थांबावे. बँकेचे पुस्तक आणि रेशनकार्ड जवळ असेल तर उत्तम. नसेल तर घर जवळच आहे, घेऊन या.