सार्वजनिक दूरचित्रवाणी आणि प्रेक्षकाची वर्गणी
(धाड, जि. बुलढाणा येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

नफ्यासाठी नव्हे, तर जनतेची माहिती, शिक्षण आणि रंजन यांसाठी चालवली जाणारी दूरचित्रवाणी ती सार्वजनिक दूरचित्रवाणी. आणि तिचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाला जगात मुख्यतः परवाना शुल्क, सरकारी अनुदान, जाहिरात आणि प्रेक्षकांची ऐच्छिक वर्गणी अशी उत्तरे मिळाली आहेत. महाराष्ट्राने पहिली तिन्ही अनुभवली. वर्गणीची परंपरा मात्र येथे दूरदर्शनच्या कितीतरी आधीपासून रुजलेली असूनही दूरदर्शनपर्यंत ती कधी पोहोचली नाही, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे यांनी चालवलेल्या पैसा फंडाची कल्पना अशी होती की, देशी उद्योगांच्या उभारणीसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा, म्हणजे त्या काळच्या रुपयाचा चौसष्टावा भाग, द्यावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले आणि या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. रक्कम कोणालाही जड जाऊ नये आणि ती दरवर्षी पुन्हा यावी, या दोन गोष्टींत या योजनेचे खरे बळ होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा प्रेक्षकाकडून पैसा घेण्याची रीत आधीच ठरून गेलेली होती. १९३३ च्या बिनतारी यंत्रणेविषयीच्या कायद्यानुसार रेडिओसाठी जसा परवाना लागत असे, तसाच तो दूरचित्रवाणी संचासाठीही घ्यावा लागे. संचाच्या मालकाने पोस्टात जाऊन वार्षिक शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्यायची, असा तो व्यवहार होता. पैसा लोकांचाच होता, पण तो कायद्याच्या बडग्याने वसूल होत असल्याने देणाऱ्याच्या मनात आपलेपणा निर्माण होण्यास वाव राहिला नाही. पुढे १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या, १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले आणि त्याच दशकाच्या मध्यावर परवाना शुल्कही रद्द झाले. प्रेक्षक आणि केंद्र यांच्यातला पैशाचा थेट संबंध तेथेच संपला.

अमेरिकेत नेमके उलट घडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या केंद्राने पैशाच्या चणचणीमुळे १९५५ मध्ये देणगीदाखल आलेल्या वस्तूंचा पडद्यावरच लिलाव केला आणि इतर केंद्रांनी ती युक्ती उचलली. १९६७ च्या कायद्याने केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले, तरी ते पुरेसे नव्हते. त्यामुळे ठरावीक दिवशी कार्यक्रम मध्येच थांबवून प्रेक्षकांना देणगीचे आवाहन करण्याची मोहीम रूढ झाली. मागे दूरध्वनींची रांग, देणगीबद्दल कापडी पिशवी किंवा पुस्तक आणि देणगीदारांचा जाहीर नामोल्लेख, हे या मोहिमेचे ठरलेले रूप होते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये, असे ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, त्याहून ही पद्धत फारशी वेगळी नाही. मात्र अशा व्यत्ययाने प्रेक्षक कंटाळू लागले. शिवाय अधिक देणगी मिळवून देणारे कार्यक्रमच मोहिमेच्या दिवसांत दाखवले जाऊ लागल्याने केंद्रांचा स्वभाव बिघडतो, ही टीकाही रास्त होती. पुढे दरमहा थोडी रक्कम बँकेतून आपोआप देणाऱ्या सभासदांवर भर वाढला आणि अशा सभासदांना जुने कार्यक्रम महाजालावर पाहण्याची सवलत मिळू लागली. म्हणजे दीर्घ अनुभवानंतर ही केंद्रे काळ्यांच्याच सूत्रापाशी आली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने पुढील दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलरचे अनुदान रद्द केल्यावर तर अनेक लहान केंद्रांना या वर्गणीचाच मोठा आधार उरला.

भारतात दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा १९९० मध्ये झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. परवाना शुल्क असल्यास त्याचे उत्पन्न या महामंडळाला देता येईल, अशी तरतूद त्या कायद्यात आहे, जरी ते शुल्क त्यापूर्वीच रद्द झालेले होते. आज धाडसारख्या गावातील घराच्या छपरावर एकदाच विकत घेतलेली छत्री बसवली की दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या सेवेवर तिची मराठी वाहिनी सह्याद्री मासिक शुल्काशिवाय दिसते, आणि त्या व्यवस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने देऊन येतो. या सोयीचा लाभ गरीब घरांना होतो, हे तिचे मोठे मोल आहे; परंतु सह्याद्रीवर चांगले नाटक किंवा शेतीविषयक कार्यक्रम व्हावा म्हणून वर्षाला अकरा रुपये देऊ इच्छिणाऱ्या प्रेक्षकासमोर अजून कोणी पावतीपुस्तक धरलेले नाही.